ज्युनिअर केजीत नवीन वर्ग, रोज रडारड... काय करू?

ऐरोलीकर आई: मुलगी साडेतीन वर्षांची, जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी गेटवर माझी ओढणी सोडतच नाही. टीचर म्हणतात आठवडाभर चालतं, पण आता तिसरा चालू आहे. घरी खेळातून काही करता येईल का?

घणसोलीची बालवाडीताई: अगं, तीन आठवडे म्हणजे काही फार नाही, घाबरू नकोस. आमच्याकडे पहिले दिवस आम्ही फक्त 'मामाचं पत्र हरवलं' खेळतो, पत्राच्या जागी रुमाल, आणि ज्याच्या मागे पडेल त्याचं नाव सगळ्यांनी ओरडायचं, त्यामुळे नावं पाठ होतात आणि गोलात बसलेलं पोर एकटं पडत नाही. जी येत नाहीत त्यांना ओढायचं नाही, चिंचोके देते मोजायला, बाजूला बसून बघतात आणि चौथ्या दिवशी आपणच घुसतात. घरी बाहुल्यांची शाळा भरव, तिलाच टीचर कर, वर्गात काय खुपतंय ते आपोआप बाहेर येतं. आणि प्लीज, मागच्या मागे सटकू नकोस, टाटा करूनच निघ.

ठाण्याचा बाबा: प्लस वन टाटाला. मी एकदा गुपचूप पळालो, पुढचे चार दिवस भोगलं.

कळव्याची आजी: ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होतं, तिथेही गाणी-गोष्टी आणि आजूबाजूच्या वस्तूच. महागडी खेळणी कशाला हवीत.

ऐरोलीकर आई: बाहुल्यांची शाळा भरवली!! कळलं, तिला डबा उघडता येत नाही म्हणून रडते 🙈