वाद्यवृंदातील बिदागीची वाटणी: गायक आणि वादक यांचे हिस्से कसे ठरवावेत?

प्रश्न: कीबोर्डवादक, विश्रामबाग, सांगली

आमच्या वाद्यवृंदात दोन गायक आणि कीबोर्ड, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), बेस गिटार व बासरी असे पाच वादक आहेत. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट आणि तासगाव, विटा, पलूस भागातील यात्रा येथे आमचे कार्यक्रम होतात. आजवरची रीत अशी आहे की, बिदागीतील निम्मी रक्कम दोघे गायक घेतात आणि उरलेल्या निम्म्यातून टेम्पोचे भाडे भागवून आम्ही पाच वादक वाटून घेतो. मागच्या कार्यक्रमाचे ४२,००० रुपये ठरले होते. त्यातून गायकांना प्रत्येकी १०,५०० मिळाले, टेम्पोला ४,००० गेले आणि प्रत्येक वादकाच्या हाती ३,४०० रुपये आले.

रकमेइतकीच कामाची वाटणीही मला खुपते. नव्या गाण्यांतील इंटरल्यूड (कडव्यांमधले वाद्यसंगीत) पुन्हा पुन्हा ऐकून नोटेशन उतरवणे आणि प्रत्येकाला त्याचा भाग समजावून देणे हे काम मी करते, आणि त्याचा हिशेबात कोठेही उल्लेख नसतो. वादक दोन तास आधी पोहोचून वायरी जोडतात व साउंड चेक करतात, तर गायक कार्यक्रम सुरू होण्याच्या बेतात असताना येतात. तालमीत पांढरी चार या पट्टीत (स्केलमध्ये) बसवलेले गाणे घसा बसल्यामुळे ऐनवेळी पांढरी तीन या खालच्या पट्टीत घ्यायचे ठरले, तर माझ्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचे, म्हणजे पट्टी बदलण्याचे, बटण असते. परंतु बासरीवादक दादांना दुसरी बासरी काढावी लागते, बेस गिटारवर बोटांच्या सगळ्या जागा सरकतात आणि तबलजींना हातोडी घेऊन पुन्हा सूर लावत बसावे लागते. गायकांशी आमचे वैर नाही, आणि त्यांच्यामुळेच कार्यक्रम मिळतात हेही आम्ही मानतो. तरीही न्याय्य वाटणी कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: गायिका, सातारा

ताई, आपली तक्रार रास्त आहे, परंतु गायकाची बाजूही मांडली पाहिजे. वादक आजारी पडला तर बदली वादक बोलावता येतो. पोस्टरवर ज्याचा फोटो आहे त्या गायकाचा घसा बसला, तर यात्रा कमिटी इसारा (आगाऊ दिलेली रक्कम) परत मागते. गणेशोत्सवात लागोपाठ कार्यक्रम केल्यानंतर आवाजाला जी विश्रांती द्यावी लागते, त्या काळात गायकाची कमाई थांबते. गाण्यांचे शब्द पाठ करणे, रोजचा रियाज आणि रंगमंचावरील पोशाख हे सारे त्याच्याच खर्चाने व वेळेने होते. त्यामुळे गायकाला थोडा अधिक हिस्सा मिळणे मला गैर वाटत नाही.

टेम्पोचे भाडे मात्र केवळ वादकांच्या वाट्यातून जाणे सरळसरळ अन्याय्य आहे. ज्या ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या आधाराने गायक गातो, ते त्याच टेम्पोतून येतात. साउंड चेकला वेळेवर येणे हीसुद्धा गायकाची जबाबदारी आहे, आणि तसे झाले तर स्केलचा घोळ कार्यक्रमापूर्वीच लक्षात येईल.

उत्तर: तबलावादक, मिरज

आमच्याकडे पुष्कळ वादावादीनंतर एक पद्धत बसली आहे. ती आपल्या आकड्यांवर मांडून दाखवतो. ४२,००० मधून प्रथम टेम्पोचे ४,००० आणि वाद्यनिधीचे २,००० बाजूला काढावेत. तबल्याची पुडी, गिटारच्या तारा, कीबोर्डचा अडॅप्टर यांचा खर्च या निधीतून व्हावा. कारण वाद्य वादकाच्या मालकीचे असले तरी त्याची झीज सर्वांच्या कार्यक्रमात होते. उरलेल्या ३६,००० चे नऊ हिस्से करावेत. सात जणांना प्रत्येकी एक हिस्सा, गायकांच्या नावामुळे कार्यक्रम मिळतात म्हणून दोघांना प्रत्येकी अर्धा हिस्सा अधिक, नोटेशन व संयोजन करणाऱ्याला अर्धा आणि सुपारी घेणे (कार्यक्रम ठरवणे) व हिशेब ठेवणे ज्याच्याकडे असेल त्याला अर्धा. एक हिस्सा ४,००० रुपयांचा होतो. म्हणजे गायकांना ६,००० मिळतील, ताईंना ६,००० आणि केवळ वाजवणाऱ्यांना ४,०००. एखादा गायक स्वतः सुपाऱ्या आणत असेल, तर त्याचे ८,००० होतील, आणि ते कोणाला खटकू नयेत.

कार्यक्रमात मिळणारे इनामही एकाच पेटीत जावे. टाळी गायकाला मिळते हे खरे, परंतु वन्स मोअर ज्या लावणीला येतो, तिची निम्मी जान ढोलकीत असते.

उत्तर: कर सल्लागार, सातारा

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा. सातही जण वाद्यवृंदाचे भागीदार आहेत, की काही जण ठरलेल्या मानधनावर बोलावलेले आहेत? भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १३ नुसार, वेगळा करार नसेल तर भागीदारांना नफ्याचा समान वाटा मिळतो, तोटाही समान वाटला जातो आणि व्यवसायात काम केल्याबद्दल वेगळे मानधन मागता येत नाही. त्यामुळे नोटेशनचा अर्धा हिस्सा किंवा गायकांचा वाढीव हिस्सा हवा असेल, तर तो करारात स्पष्ट लिहिलेला असावा. बोलावलेल्या वादकाला मात्र ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे. बिदागी कमी आली म्हणून त्याचे पैसे कापणे योग्य नाही.

कार्यक्रमाचे चित्रीकरण यूट्यूबवर जात असेल, तर त्याचाही विचार व्हावा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये सादरकर्ता या व्याख्येत गायक आणि वादक दोघेही येतात, आणि सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. म्हणून चित्रीकरणाची संमती आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नाची वाटणी हे दोन्ही मुद्दे सातही जणांच्या सहीने नोंदवून ठेवावेत.

उत्तर: गायिका, सातारा

मिरजेच्या दादांची पद्धत मला तत्त्वतः मान्य आहे, परंतु १०,५०० वरून एकदम ६,००० वर येणे कोणत्याही गायकाला जड जाईल, आणि त्या रागात चांगला गायक निघून गेला तर सातही जणांचे नुकसान होईल. घेतलेल्या सुपाऱ्या जुन्या रीतीने पूर्ण कराव्यात आणि नवी वाटणी पुढच्या सुपाऱ्यांपासून लागू करावी, असे सुचवते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. टेम्पोचे भाडे आणि वाद्यनिधी सामाईक करण्याचा प्रस्ताव मी लगेच मांडणार आहे, कारण त्याला गायकांचाही विरोध होईल असे वाटत नाही. हिस्स्यांची पद्धत नवरात्रानंतरच्या सुपाऱ्यांपासून सुरू करावी, असे सुचवेन आणि ठरेल ते सर्वांच्या सहीने लिहून घेऊ. एका गोष्टीवर अजून मत हवे आहे: आमचे बेस गिटारवादक नोकरीमुळे तालमींना क्वचितच येतात, पण कार्यक्रम उत्तम निभावतात. त्यांना पूर्ण हिस्सा द्यावा, की तालमींची हजेरी हिशेबात धरावी?

उत्तर: तबलावादक, मिरज

हजेरी धरावी, मात्र ती गायकांसह सर्वांचीच धरावी. आमच्याकडे एका हिस्स्याचा चौथा भाग तालमींसाठी राखलेला असतो. जो येत नाही त्याचा तेवढा भाग वाद्यनिधीत जमा होतो, दुसऱ्या कोणाच्या खिशात जात नाही. त्यामुळे मनात अढी राहत नाही.