कोझुखने हॉल सोडून वाळू धरली, ते बरोबर केलं का?

चौथा_सेट:
मार्गारेटा कोझुख, व्हॉलीबॉलपटू. हॅम्बुर्गची पोरगी, आईवडील मूळचे पोलंडचे. जर्मनीकडून ३०० च्या वर सामने, कर्णधारपद, २०११ आणि २०१३ च्या युरोपियन स्पर्धेत रौप्य, २०१६ ला कासालमाज्जोरे या इटालियन क्लबकडून चॅम्पियन्स लीग जिंकली. आणि एवढं सगळं हातात असताना तिशीत इनडोअर सोडून बीच व्हॉलीबॉल! माझ्या मते ती गेली ती फक्त ऑलिंपिकसाठी. इनडोअरला जगातले १२ संघ, त्यात युरोपातून रशिया, सर्बिया, इटली, तुर्कस्तान यांच्या गर्दीतून वाट काढायची. जर्मनीच्या मुली २००४ नंतर तिथे पोचलेल्याच नाहीत. बीचला २४ जोड्या. मागचं दार म्हणा हवं तर.

वाळूतले_पाय:
मागचं दार?? एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या जातात हो. कोझुख आधी कार्ला बोर्गरबरोबर खेळायची. टोकियो ऑलिंपिकला गेलेली दुसरी जर्मन जोडी कोणाची? बोर्गरचीच. म्हणजे घरातच चुरस.

आणि खेळ बघा ना. हॉलमध्ये ती बरीच वर्षं अपोझिट, म्हणजे सर्व्हिस उचलायची दुसऱ्यांनी, हिने मारायचं. बीचवर दोघीच असतात. जिचं सर्व्हिस उचलणं कच्चं, तिच्यावरच समोरचे सर्व्हिस ओततात. उघड्या बोटांनी बॉल हलकेच पलीकडे टाकायची सोय नाही. जाळीवर ब्लॉकला लागलेला बॉलही तीनपैकी पहिला टच धरतात. थकलात तरी बदली नाही. तिशीत हे सगळं अंगवळणी पाडायचं म्हणजे खायचं काम नाही. आपल्याकडे बीच म्हटलं की लोकांना फक्त गॉगल दिसतात!

चौथा_सेट:
पण शेजारी लॉरा लुडविग होती ना, रिओ ऑलिंपिकची सुवर्णविजेती. अशी जोडीदार मिळाली तर कोणीही तरून जाईल.

वाळूतले_पाय:
ती लुडविग २०१८ ला आई होऊन परतत होती, आणि तिची जुनी जोडीदार वाल्केनहॉर्स्ट दुखापतींनी निवृत्त झालेली. तयार ताट कुठे होतं? पहिल्याच मोसमात, २०१९ ला, दोघींनी रोममध्ये वर्ल्ड टूर फायनल्स मारली. टोकियोत बाद फेरीत समोर ब्राझीलच्या आगाथा-दुदा. तिसरा सेट १६-१४ ने यांचा. तो सेट बघा आणि मग सांगा कोण कोणाला तारत होतं.

निव्वळ_प्रेक्षक:
आणि पुढच्याच फेरीत अमेरिकेच्या रॉस-क्लाइनमनकडून सरळ दोन सेटमध्ये घरी. पाचवा क्रमांक.

वाळूतले_पाय:
रॉस-क्लाइनमननेच सुवर्ण घेतलं, तेही सांगा की.

निव्वळ_प्रेक्षक:
सांगतो. पण माझा राग वेगळाच आहे. तुम्ही दोघंही ऑलिंपिकच्याच फूटपट्टीने मोजताय. २०११ ची बेलग्रेडची युरोपियन फायनल घ्या: सर्बिया, तीही त्यांच्याच गावात, आणि जर्मनीने पाचव्या सेटपर्यंत खेचली. दोन वर्षांनी बर्लिनमध्ये पुन्हा फायनल, या वेळी रशियाकडून हार. सहा जणींचा संघ इतक्या वर पुन्हा पुन्हा नेणं मला टोकियोच्या पाचव्या क्रमांकापेक्षा मोठं वाटतं. आणि त्या वेळी तिच्यावर धागा काढायला इथे कोणी आलं नव्हतं.

चौथा_सेट:
तेच तर म्हणतोय मी!

निव्वळ_प्रेक्षक:
नाही. तुम्ही तिला वाळूत जायलाच नको होतं म्हणताय. तिने जावं की, सगळं खेळून झाल्यावर कुठे जायचं ते तिचं ती ठरवेल.