मँगोस्टीनची रोपं करपताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, घरामागे छोटं कुळागर (पोफळींची मिश्र बाग) आहे. गेल्या पावसाळ्यात केरळातल्या एका मित्राने ओल्या काथ्याच्या भुशात गुंडाळून मँगोस्टीनच्या 12 बिया पाठवल्या. बदल्यात मी त्याला ताज्या भिरंडाच्या (कोकमाच्या) बिया दिल्या. मँगोस्टीनची बी वाळली की मेलीच, म्हणून पाकीट आलं त्याच संध्याकाळी पेरल्या. 7 उगवल्या.

मार्चपासून मात्र पानांच्या कडा तपकिरी होऊन करपताहेत. जांभ्याची माती, त्यात शेणखत, वर पोफळींची सावली, पाणी बोअरवेलचं. मला पाण्यातल्या क्षारांचा संशय येतो, पण सावली कमी पडत असेल का? कुंडी बदलायला हात धजत नाही, याचं सोटमूळ फार नाजूक असतं.

दुसरं, भिरंड आणि मँगोस्टीन एकाच गोत्रातले. भिरंडाच्या खुंटावर याचं कलम गोव्यात कुणी केलंय का? किती वर्षं टिकलं? बियांच्या झाडाला फळ यायला 8-10 वर्षं लागतात, तेवढं थांबायची तयारी आहे, पण ही सातही रोपं जगायला हवीत.

रंबुतान हे फळझाडही लावायचंय, पण त्याची बी नको, नर झाड निघू शकतं. कलम असेल तर कळवा. माझ्याकडे अदलाबदलीला काळ्या मिरीची रोपं आहेत.