मदत हवी आहे: वाफेच्या इंजिनाची नंबरप्लेट, खरी की नक्कल? (वास्को)

सडेकर
नमस्कार मंडळी. वास्कोत एका भंगारवाल्याकडे वाफेच्या इंजिनाची नंबरप्लेट आलीय. मी अशा पाट्या जमवतो, पण माझ्याकडच्या सगळ्या बाहेरगावच्या. आपल्या लाईनवरच्या गाडीची एकही नाही. हा म्हणतो पोर्तुगीज काळातली आहे, १८८८ ची, मुरगांव लाईन सुरू झाली तेव्हाची. अठरा हजार मागतोय. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, मुंबईचं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. खरी आहे का आणि एवढे द्यावेत का, तेवढंच सांगा. जरा लवकर.

घाटइंजिन
फोटो नाही, माप नाही, धातू नाही, पाटीवर लिहिलंय काय तेही नाही. कशावरून सांगायचं? पितळ की बीड? अंक पाटीसकट ओतलेले की वरून रिवेट मारलेले? मागची बाजू कशी आहे?

सडेकर
फोटो काढू देत नाही हो. पितळच आहे, दिसतंय ना. वाय जी आणि पुढे चार आकडे. चांगली जड आहे.

घाटइंजिन
वाय जी म्हणजे १८८८ चा प्रश्नच मिटला. वाय मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, आणि जी गुड्सचा, म्हणजे मालगाडीचा. वायजी हे दुसऱ्या महायुद्धानंतरचं डिझाईन. १९४९ पासून आधी बाहेरून बांधून आली, नंतर टाटांच्या टेल्कोनं जमशेदपूरला बांधली, आणि चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्याची शेवटची वायजी तर १९७२ ची. भंगारवाल्याला पोर्तुगीज म्हटलं की भाव चढतो हे ठाऊक आहे. पाटी खोटी आहे असं मी म्हणत नाही, तिची गोष्ट खोटी आहे.

पितळी_समई
काळी पडली असेल तर चिंच घ्या, थोडं मीठ, रात्रभर लावून ठेवा. नाहीतर भिरंडाची सोलं, म्हणजे आमसुलं. आमच्या देवघरातली समई मी अशीच लख्ख करते. अंक सोन्यासारखे उठून येतील.

स्विंडनकर
ताई, कृपा करून असं सांगू नका! चिंचेच्या आंबटानं जुना थर आणि रंगाचे अंश निघून जातात, आणि पाटीची अर्धी ओळख तिथेच असते. मी इंग्लंडात स्विंडनला राहतो, आपले गोंयकार इथे भरपूर. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना याच गावात होता, ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन इव्हनिंग स्टार १९६० साली इथेच बांधलं. इथले जमवणारे पाटी घेताना आधी खाचेतला जुना रंग बघतात. घासून चकचकीत केलेल्या पाटीची किंमत उतरते. कोरडं फडकं आणि मऊ ब्रश, बस्स.

पितळी_समई
तुमच्या स्विंडनला वास्कोची हवा नाही. इथे समुद्रावरचं खारं वारं आणि वर जूनपासून पाऊस. साफ नाही केलं तर हिरवा थर चढतो आणि पितळ खातो. पन्नास वर्षांची भांडी सांभाळलीत मी.

स्विंडनकर
हिरवा थर चढू नये म्हणून पुसून पूर्ण कोरडी करा आणि मेणाचा पातळ हात द्या. आंबट नको, एवढंच म्हणणं आहे.

कुळेंचा_नातू
आमचे आजोबा कुळें स्टेशनात कामाला होते. तिथून वर कॅसल रॉक स्टेशनापर्यंतचा चढ ४० ला १, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट. मालगाडी कुळ्यात आली की मागून ढकलायला इंजिन लावायचे, आणि दूधसागरपाशी पोचेपर्यंत फायरमनचा अंगरखा पिळून घ्यावा असा भिजलेला असायचा, असं ते सांगत. आता मीटरगेजही गेली. तिथले रूळ, सिग्नल, घंटा, काय काय कुठे गेलं कुणास ठाऊक. तुमची पाटी त्या घाटात चढली असेल तर जरूर घ्या.

घाटइंजिन
ती घाटात चढली होती हे पाटीवरून कळणार नाही. इंजिनं एका शेडमधून दुसऱ्या शेडला जायची, आणि शेडचं नाव बहुधा रंगानं लिहिलेलं असायचं. सडेकर, पाटीवर नंबराशिवाय आणखी काही आहे का? नीट बघून सांगा.

सडेकर
नंबराखाली हिंदीत द आणि म अशी छोटी अक्षरं आहेत. बाकी काही नाही. मी किमतीचं विचारलं होतं, त्याचं कुणी सांगेल का?

घाटइंजिन
अहो, हेच आधी हवं होतं! द म म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे. ती स्थापन झाली २ ऑक्टोबर १९६६ ला, आणि हुबळी विभाग तिच्याकडे होता, वास्कोची लाईन त्यातच. म्हणजे पाटी १९६६ नंतर बसवलेली, आणि गोव्याशी संबंध असण्याची शक्यता उलट वाढली. फक्त भारतीय काळातली, पोर्तुगीज नव्हे.

चिऱ्याचं_घर
पाटी जड आहे म्हणता, तर भिंतीला लावताना सांभाळा. चिऱ्याच्या भिंतीत नुसता खिळा टिकत नाही, चिरा भुगा होतो. भोक मोठं पाडून लाकडी गिट्टी ठोका, मग स्क्रू. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका.

कायद्याचं_बोला
किमतीच्या आधी पावतीचं बोला. रेल्वे प्रॉपर्टी अनलॉफुल पझेशन अॅक्ट, १९६६. चोरीचा किंवा बेकायदा मिळवल्याचा संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला, तर तो कायदेशीर मिळवला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जुनं इंजिन रेल्वेच्या लिलावात भंगारात गेलं असेल तर त्याचे कागद कुणाकडे तरी असणार. त्या मालकापासून भंगारवाल्यापर्यंतची साखळी मागा. नसेल तर अठराशेलाही घेऊ नका.

कुळेंचा_नातू
अहो, आमच्या गावात घरोघरी जुने रेल्वेचे कंदील आहेत, पोलीस कुणाला विचारत नाहीत.

कायद्याचं_बोला
कंदिलावर नंबर नसतो, यावर आहे. नंबरावरून इंजिनाचा माग काढता येतो.

घाटइंजिन
कागद असतील तर रविवारी हे बघून या. एक, चुंबक. खऱ्या पितळेला अजिबात चिकटणार नाही, बिडावर पितळी रंग असेल तर लगेच पकडेल. दोन, मागची बाजू. साच्यात ओतलेल्या पाटीची पाठ वाळूच्या दाण्यासारखी खडबडीत असते, आणि स्क्रूची भोकं थोडी लांबोडकी झालेली, कडेला जुन्या रंगाचे दोन-तीन थर. नवी नक्कल सगळीकडून सारखी गुळगुळीत. तीन, माप. खऱ्या पाटीवरून साचा करून ओतलेली नक्कल आकसते, पितळ फुटामागे साधारण ३/१६ इंच. तुमच्याकडे वायजीची दुसरी खरी पाटी असेल तर टेपनं दोन्हींची लांबी मोजा. दोन फुटांच्या पाटीत ३/८ इंचाइतका फरक असेल तर सोडून द्या. मात्र दोन कारखान्यांच्या पाट्या वेगळ्या साच्याच्या असू शकतात, ते धरून चाला.

सडेकर
वायजीची एक आहे माझ्याकडे, टेल्कोची. चुंबक आणि टेप घेऊन जातो. कागदांचं आत्ताच फोनवर विचारलं, तो म्हणतो हुबळीच्या एका व्यापाऱ्याकडून आलीय, पावती शोधून देतो. पावती मिळाली आणि माप जुळलं तरच घेईन, आणि १८८८ चे पैसे देणार नाही. घेतली तर चिंच लावणार नाही, ताई रागावू नका.

पितळी_समई
रागावत नाही बाबा. पण मेण तरी नक्की लावा.

घाटइंजिन
आणि पाठीचा फोटो, तो काढू देईल तेव्हा, इथे टाकाच.