अनुभव धागा : युरोपातला नाताळ, पण नेमक्या कुठल्या तारखेचा?

धागाकर्ती

मंडळी, दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की ओळखीपाळखीतून एकच विचारणा येते. "मुलांना २४ पासून सुट्टी आहे, जर्मनीतला नाताळ बघायचाय, काय काय बघू?" माझं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, कारण २४ च्या दुपारनंतर तिथलं बघण्यासारखं बहुतेक सगळं दाराआड जातं. बाजार उठतात, दुकानं बंद होतात, माणसं घरोघरी जातात. गणपती बघायला कुणी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरावं, तशातली गत. त्यात प्रत्येक देशाचा मुख्य दिवस निराळा.

तुम्ही राहता किंवा फिरून आलात तिथे खरा सण कोणत्या दिवशी होता? काय पाहिलंत, काय खाल्लंत? ती रीत कुठून आली हे ठाऊक असेल तर तेही येऊ द्या. फोटो नकोत. दिवे सगळीकडे सारखेच दिसतात.

फ्रँकनकर

जर्मनीत एर्लांगेनला राहते, त्यामुळे न्यूरेंबर्गचा नाताळबाजार हाकेच्या अंतरावर. तो अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतो. (अॅडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे.) संध्याकाळी फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जात सोनेरी कुरळ्या केसांचं 'क्रिस्टकिंड' (बाळ येशू) येतं आणि बाजाराचं निमंत्रण काव्यात म्हणतं. चौकात इतकी गर्दी असते की खिशातला हात बाहेर काढता येत नाही. हे क्रिस्टकिंड म्हणजे शहरातलीच एखादी तरुण मुलगी. १९६९ पासून तिची निवड होते आणि दोन वर्षं ती भूमिका तिच्याकडे असते. बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १६२८ सालचा मजकूर असलेली एक लाकडी पेटी.

नवख्यांना हमखास चक्रावणारी गोष्ट म्हणजे ग्लूवाइनचा मग. दालचिनी-लवंगेचा वास सुटलेली गरम वाइन घ्यायला जावं, तर फळ्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा चार-पाच युरो जास्तच घेतात. ती मगाची अनामत. मग परत दिला की पैसे परत. पण मगावर त्या वर्षीचं चित्र असतं, त्यामुळे बरेच जण तो बॅगेतच टाकतात. माझ्या सासूबाईंनी आमच्या घरातले असले मग बघून "चहा एवढ्याशात कसा भागतो गं तुमचा?" असं विचारलं होतं. बोटाएवढे सॉसेज, एका पावात तीन, ही इथली खासियत.

खरा सण मात्र २४ च्या संध्याकाळचा. बाजार दुपारी दोनच्या सुमारास बंद होतो. शेजारच्या आजी झाड त्याच दिवशी सजवतात, तेही दार लावून. आत घंटी वाजली की मुलांना प्रवेश. भेटी सांताक्लॉज नाही, क्रिस्टकिंड ठेवून जातं. संत निकोलसाऐवजी बाळ येशूने भेटी द्याव्यात ही कल्पना ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या काळातली. गंमत म्हणजे आज ते क्रिस्टकिंड दक्षिणेकडच्या कॅथलिक घरांतच जास्त टिकून आहे, आणि उत्तरेतल्या प्रॉटेस्टंट मुलांकडे लाल झग्यातला म्हातारा येतो. त्या रात्री जेवायला काय, तर बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. पंचपक्वान्नांच्या अपेक्षेने गेलेल्या आमच्या पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. खरं जेवण, म्हणजे भाजलेलं बदक वगैरे, २५ ला.

खादाडखाऊ

ड्रेस्डेनबद्दल एवढंच. तिथल्या श्ट्रीत्सेलमार्क्ट या नाताळबाजाराचा उल्लेख १४३४ पासून सापडतो आणि तिथला श्टोलन हा नाताळचा केक आज लोण्याने निथळत असतो. पण पूर्वी अ‍ॅडव्हेंट हा उपासाचा काळ, त्यात लोणी वर्ज्य. तेलात केलेला श्टोलन कुणाला रुचणार? शेवटी १४९१ मध्ये पोप इनोसंट आठव्याकडून लोणी वापरायची परवानगी आली. उपासाच्या पदार्थांत हळूहळू काय काय शिरतं हे साबुदाण्याच्या देशातल्या माणसाला कशाला सांगायचं!

निखळ शाकाहारी

सगळं सॉसेज-बदकावरच चाललंय. आमच्यासारख्यांनी बाजारात नुसता वास घेत फिरायचं का?

फ्रँकनकर

अजिबात नाही. किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या टिकिया सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळतात. चीजचा आख्खा अर्धगोल तापवून पावावर खरवडून देतात. मोठ्या कढईत परतलेल्या मशरूमवर लसणीचं दही घालून मिळतं. भाजलेले बदाम आणि चेस्टनट तर हातात पुडी धरून फिरत खायचे. फक्त टिकिया कशात तळल्यात ते विचारून घ्या, आणि लेबकुखन या मसालेदार गोड बिस्किटांत अंडं असू शकतं हे लक्षात ठेवा.

कालव्याकाठची

नेदरलँड्समध्ये, आइंडहोफनला. इथल्या मुलांना २५ डिसेंबरचं फारसं कौतुक नाही, त्यांचा दिवस ५ डिसेंबर. नोव्हेंबरच्या मध्यावर सिंटरक्लास आगबोटीतून येतो, म्हणे स्पेनहून! धक्क्यावर आईबापांच्या खांद्यांवर पोरं, बँड, आणि मुठी भरभरून वाटलेली आल्या-दालचिनीची बारकी बिस्किटं. त्यानंतर काही रात्री मुलं शेगडीपाशी बूट ठेवतात, त्यात सिंटरक्लासच्या घोड्यासाठी गाजर. आमच्या मुलाने गाजर नव्हतं म्हणून काकडी ठेवली, आणि सकाळी उठून घोड्याला ती आवडली का याची चौकशी केली.

५ च्या रात्री भेटी, आणि प्रत्येक भेटीबरोबर ज्याची त्याची टिंगल करणारी कविता. ऑफिसमध्येही चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. माझ्या साहेबांवर उशिरा येण्याबद्दल आठ ओळी रचल्या गेल्या आणि त्यांनीच त्या सगळ्यांसमोर वाचल्या. आपल्याकडे शिमग्याशिवाय असली मुभा कुठे?

हा सिंटरक्लास म्हणजे मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. १०८७ मध्ये त्याच्या अस्थी इटलीतल्या बारीला नेल्या. त्याच्या तोंडाला काळा रंग फासलेल्या सोबत्यांवरून इथे बरीच वर्षं कडाक्याचे वाद झाले. आता बहुतेक शहरांत त्यांच्या गालांवर फक्त धुराड्याच्या काजळीचे फराटे असतात, आणि मला तो बदल योग्य वाटतो. मुलांना काडीचाही फरक पडलेला नाही.

२५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. तेव्हा टेबलावर छोटी विजेची शेगडी मांडून ज्याने त्याने चिमुकल्या तव्यांत आपापलं भाजून घ्यायचं. आम्ही पनीर आणि सिमला मिरची नेतो. डच शेजारी आधी पनीर संपवतात.

टेम्सकाठ

लंडनला २५ तारखेला ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, बस नाही, रेल्वे नाही. २६ लाही बहुतेक रेल्वेगाड्या बंद. २४ ला रात्री मुक्कामी पोचा आणि २५ ला पायी फिरा. शहर इतकं रिकामं पुन्हा दिसणार नाही. ट्रफाल्गर चौकातलं झाड जरूर बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीबद्दल ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी ते पाठवतं. इथल्या घराघरांत झाड पोचलं ते १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. झाड मुळात जर्मनांचं.

उत्तरायण

स्वीडनमध्ये १३ डिसेंबर, सेंट लुसियाचा दिवस. पहाट म्हणायचं, पण आठ वाजताही मिट्ट काळोख. मुलीच्या शाळेत हॉलचे दिवे घालवतात आणि लांबून गाणं ऐकू येऊ लागतं. पुढे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली लुसिया, पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा. मागे मुली, मग चांदण्या लावलेल्या उंच टोकदार टोप्यांतली मुलगे-मंडळी. शाळेत मेणबत्त्या बॅटरीच्या असतात, चर्चमध्ये कधी कधी खऱ्या, आणि तेव्हा मुकुटाखाली ओला रुमाल बांधतात. नंतर केशर घातलेले, दोन्ही टोकांना वळलेले पाव, प्रत्येक वळणात एक मनुका. केशर इथेही सोन्याच्या भावाने मिळतं, गल्ल्याजवळ अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत.

आणि येव्ह्ले गावचा गवताचा बोकड! साधारण १३ मीटर उंच, १९६६ पासून दर अ‍ॅडव्हेंटला चौकात उभारतात, आणि दरवर्षी कुणीतरी तो जाळायच्या बेतात असतं. पहिल्याच वर्षी नववर्षाच्या रात्री जळला. २०१६ मध्ये तर उद्घाटनाच्याच दिवशी. जाळणं गुन्हा आहे, पहारा असतो, कॅमेरे असतात. तरी ऑफिसात चर्चा एकच, यंदा टिकतोय का?

म्हापशेकर

मी मूळ गोव्याचा, कामानिमित्त लिस्बनला. इथे २४ च्या रात्रीच्या जेवणाला कोन्सोआदा म्हणतात. उकडलेला खारवलेला कॉड मासा, बटाटे, कोबी, वरून ऑलिव्ह तेल. मिरची नावालाही नाही. मी घरून आणलेलं लोणचं शेजारी ठेवून जेवलो, यजमानबाईंनी चाखून बघितलं आणि बरणी आपल्याकडे सरकवली.

आमच्याकडे मात्र कोन्सोआद म्हणजे शेजाऱ्यांना पाठवायचं गोडधोड. नाताळात क्रिस्तांव शेजारी रुमालाने झाकलेलं ताट पाठवणार, त्यात दोदोल, बेबिंक, कुलकुलां, नेवऱ्या. आणि आमच्या चवथीला आम्ही ताट पाठवणार, त्यातही नेवऱ्याच. दोन्हीकडच्या सारणावरून आया-मावश्यांची मतं ठाम. लिस्बनच्या ओळखीच्यांना हे सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं. पोर्तुगीज गेले १९६१ मध्ये, त्यांची रीत आमच्याकडे राहून पार वेगळीच झाली.

वाळवंटी उंट

ज्यांना रजा जानेवारीतच मिळते त्यांनी हिरमुसू नये. इटलीत ६ जानेवारीला बेफाना ही म्हातारी झाडूवरून येते, चांगल्या मुलांना खाऊ आणि वांडांना कोळसा. (कोळसा साखरेचा असतो, दुकानात मिळतो.) स्पेनमध्ये ५ च्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि गाड्यांवरून खाऊची उधळण होते. माद्रिदला लोक छत्री उलटी धरून गोळ्या झेलतात. आजीबाई त्यात सर्वांत तरबेज.

नेपल्सला गेलात तर सान ग्रेगोरियो आर्मेनोची गल्ली चुकवू नका. येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्याच्या मूर्ती करणाऱ्यांची बारमाही वस्ती आहे ती. मेंढपाळ, पिझ्झावाला, मासेवाली, आणि त्यांच्या शेजारी माराडोना! संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्योला खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडला, त्याची ही पिलावळ. घरच्या देखाव्यात बाळ येशूची जागा २४ च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात.

नवखा प्रवासी

सगळं वाचून डोकं गरगरलं. सुट्टी २४ लाच मिळणार आहे हो. काहीच नाही का?

धागाकर्ती

आहे की. व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार २६ नंतरही चालू असतो, बर्लिनचे काही ३१ पर्यंत. २५ चा दिवस चर्चमधल्या संगीतासाठी ठेवा, आणि जेवणाची सोय आधी करून ठेवा. दोनच दिवस आधी निघता आलं तर स्ट्रासबर्ग गाठा. तिथला बाजार १५७० पासूनचा. जवळच्या सेलेस्टा गावच्या १५२१ सालच्या हिशेबवहीत तर नाताळासाठीची झाडं चोरीला जाऊ नयेत म्हणून वनरक्षकांना दिलेल्या पैशांची नोंद आहे. शहरात हॉटेलं परवडत नाहीत, तेव्हा ऱ्हाइनपलीकडे जर्मनीतल्या केलला राहा, ट्राम थेट पूल ओलांडून जाते. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, डिसेंबरची वेळ मिळायची मारामार असते. आत्ताच बघा.