सप्टेंबरमध्ये समाजशास्त्राच्या एमएसाठी इंग्लंडला जातेय, इंग्रजी वाचनाची तयारी कशी करू?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. मी घणसोली गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग वाशीला समाजशास्त्रात बीए. आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आले, लेखनात ६.५. विद्यापीठाला तेवढे पुरतात, म्हणून तिथला प्री-सेशनल, म्हणजे वर्ग सुरू होण्याआधीचा इंग्रजीचा कोर्स मला सक्तीचा नाही.

अडचण वेगळीच आहे. एका विषयाची गेल्या वर्षीची वाचनयादी विभागाच्या वेबसाइटवर सापडली. दर आठवड्याला तीन-चार लेख, आणि असे विषय एकाच वेळी दोन-तीन. त्यातला एक लेख मिळवला आणि अख्खा रविवार त्यावर घातला. प्रत्येक अनोळखी शब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहिला. संध्याकाळी भावाने विचारलं, काय म्हणणं आहे लेखात? मला एक वाक्य सांगता आलं नाही. शब्द कळले, लेख कळला नाही.

ठाण्यातल्या एका क्लासने 'अकॅडेमिक रायटिंग पॅकेज' सुचवलंय, पण फी माझ्या दोन पगारांएवढी आहे. मी ऐरोलीला शिफ्टमध्ये काम करते, जुलैअखेरपर्यंत नोकरी सोडता येणार नाही. प्रबंधाचा विषय मनात पक्का आहे: सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था) घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेचे भूखंड आमच्या गावांत मिळाले तेव्हा घरातल्या लेकीबहिणींकडून हक्कसोडपत्रं, म्हणजे वाटा सोडल्याचे कागद, कशी घेतली गेली, आणि त्यांच्या वाट्याला काय आलं. माझ्या दोन्ही आत्यांनी सह्या केल्यात.

दिवसाला तासभर मिळतो. तो कशावर घालवू? शब्द पाठ करू, व्याकरण करू, की क्लास लावू?

कळवेकर

आधी मनापासून अभिनंदन! मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे वाचनाबद्दल जाणकार सांगतीलच. व्यवहाराचं एक सांगतो. सत्र चालू असताना स्टुडंट व्हिसावर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. तुमची वाचनयादी बघता पहिल्या सत्रात तेवढंही घेऊ नका. सुरुवातीचे दिवस घर, बँक खातं आणि नोंदणीत जातात आणि तोवर वर्ग सुरू झालेले असतात. जे वाचायचं ते इथूनच वाचून जा.

नौपाडावाली

खाडीकाठची, सविस्तर लिहितेय, सवडीने वाचा. मी इंग्लंडमध्ये काही उन्हाळे प्री-सेशनलवर शिकवलंय. चीन, थायलंड, तुर्कस्तानातून येणारी, समाजशास्त्र किंवा विकास अभ्यास शिकणारी मुलं असायची. आता ठाण्यातच बाहेर जाणाऱ्या मुलांबरोबर हे काम करते. 'शब्द कळले, लेख कळला नाही' हे वाक्य मी त्या सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या बहुतेकांचं इंग्रजी चांगलं होतं.

आयईएल्टीएसच्या वाचनात तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उत्तर उताऱ्यातच कुठेतरी असतं, ते शोधायचं. लेखनातला मोठा निबंध २५० शब्दांचा, ४० मिनिटांत, आणि त्यासाठी आधी काही वाचावं लागत नाही. एमएला एकेक निबंध तीन ते पाच हजार शब्दांचा, शेवटचा प्रबंध साधारण दहा ते पंधरा हजारांचा, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद कुणाचं तरी वाचून, त्याच्याशी सहमत होऊन किंवा भांडून लिहायचा असतो. या कामाची परीक्षा तुमची अजून कुणी घेतलेलीच नाही.

आपल्याकडे बीएला 'जातिव्यवस्थेची वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न येतो. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी सांगितलेली सहा वैशिष्ट्यं मुद्देसूद लिहिली की गुण मिळतात. तिथे हाच निबंध दिलात तर शेरा येईल की वर्णन ठीक आहे, पण तुमचा युक्तिवाद कुठाय? घुर्यांनी हीच सहा का घेतली? त्यातलं कुठलं काढलं तर जात उरतच नाही? नंतरच्यांनी काय आक्षेप घेतले, आणि तुम्हाला काय पटतं, कशावरून? तिथे साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. नुसतं वर्णन कितीही शुद्ध इंग्रजीत असलं तरी बहुतेक वेळा साठीच्या अलीकडेच राहतं.

म्हणून क्लास, व्याकरण, शब्दांच्या याद्या सगळं तूर्त बाजूला ठेवा आणि एकच मजकूर घ्या. मी प्रत्येकाला तोच देते: बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला भारतातल्या जातींवरचा निबंध. वय २५. परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी, इंग्रजी शिकून मिळवलेलं, समोर जात म्हणजे काय हे माहीत नसलेले श्रोते. तुम्ही ज्या खुर्चीत बसणार आहात तिथेच ते बसले होते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे, इंटरनेटवरही सहज मिळतो.

त्यात ते काय करतात ते बघा. आधी चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात: सेनार, नेसफिल्ड, रिझली आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. मग एकेकाला तपासतात. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात, तर बाबासाहेब म्हणतात, ती जातीचं मूळ लक्षण नव्हे, पुरोहितवर्ग सर्वात वर असल्यामुळे ती जातीला चिकटली. नेसफिल्ड परजातीबरोबर जेवण नसणं हे लक्षण धरतात, तर हे म्हणतात, तुम्ही परिणामालाच कारण समजलात. केतकरांचं मोठं श्रेय मान्य करतात, पण त्यांनी दिलेली दोन लक्षणं, जन्मानेच सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ही मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असं दाखवतात. तिथून स्वतःचा सिद्धांत येतो की जातीचं सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आणि शेवटी स्पष्ट सांगतात की हे टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर मी ते सोडायलाही तितकाच तयार आहे.

तुमच्या वाचनयादीतले बहुतेक लेख याच चालीने चालतात. ही चाल एकदा ओळखता आली की अनोळखी शब्द पूर्वीसारखे अडवत नाहीत.

आता वाचायचं कसं. पहिल्यांदा शब्दकोशाशिवाय वाचा आणि समासात फक्त एवढंच लिहा की या ओळीत कोण बोलतंय: लेखक स्वतः, की लेखक दुसऱ्याचं सांगतोय? निम्म्या मुलांचा घोळ इथेच होतो. लेखक ज्याचं खंडन करतोय तेच लेखकाचं मत समजून ती निबंध लिहितात. दुसऱ्यांदा वाचताना जे शब्द आडवे आल्याशिवाय राहत नाहीत तेवढेच बघा. मग लेख मिटवा आणि पाच ओळी लिहा. कुणाशी वाद आहे, त्यांचं काय खटकलं, याचं म्हणणं काय, आधार काय, आणि मला यात काय पटलं किंवा पटलं नाही. या पाच ओळी बिनधास्त मराठीत लिहा. विचार पक्का झाला की इंग्रजीत लिहा, ते खूप सोपं जातं. तुमचं बीएचं वाचन आणि गावातलं माहीत असलेलं सगळं मराठीत साठलंय, ते दाराबाहेर ठेवून अभ्यासाला बसू नका.

मेअखेरपर्यंत आठवड्याला एकच लेख, पण असा. जूनमध्ये एकाच प्रश्नावरचे दोन लेख घ्या आणि एका पानात त्यांना समोरासमोर बसवा. हे सर्वात अवघड आहे, यावर सर्वात जास्त वेळ द्या. जुलैमध्ये दीड हजार शब्दांचा एक निबंध, संदर्भांसकट. संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच टाका आणि प्रत्येक लेख त्यात ठेवत जा. जेस्टॉर या शोधलेखांच्या ऑनलाइन संग्रहावरही फुकट खातं उघडून बरेच लेख ऑनलाइन वाचता येतात. घणसोली ते ऐरोली दोनच स्टेशनं, तेवढ्यात नवा लेख होणार नाही. त्या वेळात आधी लिहिलेल्या पाच ओळी पुन्हा वाचा.

शब्दांबद्दल: न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुळांची शैक्षणिक शब्दयादी आहे. ती पाठ करू नका. वाचलेल्या लेखात त्यातला शब्द भेटला की त्या वाक्यासकट वहीत उतरवा. मँचेस्टर विद्यापीठाचा अकॅडेमिक फ्रेजबँक फुकट आहे. सहमती, शंका, मर्यादा कशा मांडायच्या याची वाक्यं तिथे आहेत. पण तो उघडायचा तो काय म्हणायचंय ते ठरल्यानंतर.

क्लासबद्दल: पैसे भरण्याआधी एकच विचारा, माझं लेखन कोण वाचणार आणि त्यावर काय लिहून देणार? उत्तरात साचे आणि तयार वाक्यं आली तर पैसे वाचवा. आणि निबंध लिहून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही जवळ जाऊ नका. इंग्लंडमध्ये अशी सेवा विकणं २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विद्यार्थ्याची पदवी जाऊ शकते. एआय कुठे आणि किती चालतं याचे नियम विभागागणिक वेगळे असतात. पहिल्याच आठवड्यात लेखी नियम वाचून घ्या.

ठाण्याला येणं होत असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आहे. तुमच्या विषयाशी लागून असलेलं मराठीतलं लेखन शोधा. मराठी पुस्तक, मराठी वर्तमानपत्र हे एमएच्या प्रबंधात पूर्ण मानाचे संदर्भ आहेत, आणि तिथल्या तुमच्या बहुतेक वर्गमित्रांना ते वाचता येणार नाहीत.

खाडीकाठची

ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, फार आभार. बाबासाहेबांचा निबंध दोनदा वाचला. माझ्या ओळी अशा आल्या:

'आधीच्या अभ्यासकांनी जातीला एकटं, सुटं एकक मानलं असं लेखकाला वाटतं. केतकरांची व्याख्या त्याला सर्वात जवळची वाटते, पण त्यांची दोन लक्षणं एकच आहेत असं तो म्हणतो. त्याच्या मते जातीतच लग्न हे जातीचं मूळ. मला हे पटलं.'

चारच झाल्या. आणखी दोन शंका. सेमिनारमध्ये बोलायची फार भीती वाटते, माझे उच्चार आगरी वळणाचे आहेत. आणि स्वतःच्या गावावर, स्वतःच्या आत्यांवर प्रबंध लिहिलेला चालतो का?

कोपरखैरणे ते यॉर्कशर

मी सध्या इथे सामाजिक धोरणात एमए करतोय, म्हणून या दोन शंकांपुरतं लिहितो.

सेमिनारमध्ये बारा-पंधरा जण असतात आणि निम्म्या वर्गाची इंग्रजी मातृभाषा नसते. उच्चारांवरून मला आजवर कुणी टोकलं नाही. मला त्रास झाला तो वेगाचा. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. मग मी घरूनच एक प्रश्न लिहून न्यायला लागलो, लेखातल्या एका ठराविक पानावरचा, आणि तो पहिल्या दहा मिनिटांतच विचारायचा. नंतर बोलणं आपोआप होतं.

इथे सिडको कुणाला माहीत नाही. १९७० ला स्थापना, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी, १९८४ चं जासईचं आंदोलन आणि पाच हुतात्मे, मग साडेबारा टक्के: एवढं तीन मिनिटांत सांगायचा घरी सराव करा. हे सांगताना आपल्यालाच कळतं की आपण काय गृहीत धरतो. गावठाण, सातबारा, हक्कसोडपत्र यातलं एकही न समजावता पुढे जाता येत नाही.

स्वतःच्या गावावर लिहिणं चालतं. लेखक कोण, गावात त्याचं नातं काय, हे प्रबंधातच लिहावं लागतं. मात्र कुणाचीही मुलाखत घेण्याआधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून संमती कशी घेणार तेही अर्जात लिहा. नुसतं नाव बदलून भागत नाही. 'तीन भावांची एकुलती बहीण, रस्त्यालगतचा भूखंड' एवढ्यावरून अख्खं घणसोली ओळखेल. घरचा वाद कोर्टात असेल तर आणखी जपून. आत्यांशी आत्ता गप्पा मारा हवं तर, पण मंजुरीआधीचं बोलणं मुलाखत म्हणून वापरू नका.

नौपाडावाली

वरचं नैतिकता समितीचं फार महत्त्वाचं, धन्यवाद. ही मंजुरी मिळायला वेळ लागतो, उन्हाळ्यात इथे येऊन मुलाखती घ्यायच्या तर अर्ज वसंतातच जायला हवा.

खाडीकाठची, चार ओळी छान आहेत. कोण बोलतंय हे तुम्ही एकदाही चुकला नाहीत. राहिली ती आधाराची ओळ, आणि नेमकी तीच तुमच्या कामाची आहे. निबंधाचा मधला भाग पुन्हा काढा. जातीतच लग्न टिकवायचं तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की मागे राहिलेल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न ते विचारतात, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांची संगती तिथून लावतात. म्हणजे गटाची सीमा राखायचा भार बाईच्या आयुष्यावर टाकला जातो, असं त्यातून निघतं. आता हे घेऊन तुमच्या हक्कसोडपत्राकडे बघा. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, तर जमीन तिच्यामागे जाऊ नये म्हणून सही. हा दुवा खरा आहे का, कुठे जुळतो, कुठे तुटतो? जमीन आणि जात या दोन गोष्टी सारख्याच रीतीने राखल्या जातात का? 'मला हे पटलं' इथे थांबू नका, काय पटलं आणि घणसोलीत कुठे लागू पडत नाही ते लिहा.

पुढचा लेख बीना अगरवाल यांचा घ्या. दक्षिण आशियातल्या स्त्रिया आणि जमीनहक्क यांवर त्यांचं मोठं काम आहे, भाषाही स्वच्छ आहे. बहिणी वाटा का सोडतात याबद्दल त्या जे म्हणतात ते तुमच्या आत्यांच्या बाबतीत कितपत खरं वाटतं, त्यावर दहा ओळी मराठीत आणि मग दहा इंग्रजीत लिहा. दोन्ही इथेच टाका, आत्यांची ओळख पटेल असं काही न लिहिता. मी शनिवारी दुपारी बघते.