मदत हवी आहे: डोळ्यात अमिकॅसिन टोचलंय, रेटिनाला धोका किती?

नमस्कार मंडळी,
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डोळा लाल होऊन ठणकायला लागला, समोर धरलेला हातही नीट दिसेना. आत जंतुसंसर्ग निघाला, एन्डॉप्थॅल्मायटिस. त्याच संध्याकाळी आतलं पाणी तपासणीला पाठवून डोळ्यात व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि अमिकॅसिन ही दोन अँटिबायोटिक्स टोचली. एरवी अमिकॅसिनच्या जागी सेफ्टाझिडीम देतात म्हणे, पण ते पेनिसिलिनच्या नात्यातलं आणि आईला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे.

रात्री नेटवर वाचत बसलो, तिथेच चुकलं. जेंटामायसिनच्या गटातल्या औषधांनी मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग) रक्तपुरवठाच बंद पडू शकतो म्हणे, आणि अमिकॅसिन त्याच गटातलं! हॉस्पिटलच्या कागदावर अमिकॅसिन ४०० मायक्रोग्रॅम, नेटवर ०.४ मिलिग्रॅम, दोन्ही एकच, हे कळेपर्यंत घाम फुटला होता.

उद्या ४८ तास होतील. कदाचित दुसरं इंजेक्शन देतील. होकार द्यावा का? पुढे नजर कमी राहिली तर ती संसर्गाने की औषधाने, हे कळतं का? सलाइनमधून औषध देऊन भागत नाही का?

प्रतिसाद १
ताबडतोब डॉक्टर बदला. डोळ्यात सुई म्हणजे खेळ नाही.

प्रतिसाद २
वरचं ऐकू नका, आत्ता धावपळीत वेळ घालवणं जास्त महाग पडेल. मी रेटिना विभागात काम करते. शिरेतून दिलेलं औषध डोळ्यात पुरेसं झिरपत नाही, म्हणून थेट टोचावं लागतं. जंतू रेटिना काही तासांत खराब करू शकतात. त्यापुढे नेमक्या डोसमधल्या अमिकॅसिनचा धोका लहान आहे. जेंटामायसिनपेक्षा ते सौम्यही आहे.

घोळ बहुधा डायल्युशनमध्ये, म्हणजे औषध पातळ करताना होतो. व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा द्रव) जेमतेम ४ मिलिलिटर, त्यात ०.१ मिलिलिटर औषध जातं. एक शून्य चुकलं तर दहापट डोस. उताणं झोपल्यावर मॅक्युला सगळ्यात खाली असते, म्हणून औषध हळू सोडतात.

औषधाची इजा असेल तर मॅक्युलाभोवती पांढुरकी सूज आणि रक्ताचे ठिपके दिसतात. डोळ्याच्या अँजिओग्राफीत तिथल्या केशवाहिन्या बंद आढळतात. पण आतलं गढूळपण निवळल्याशिवाय हे दिसणार नाही, तोवर सोनोग्राफीवरच भिस्त. उद्या कल्चरचा (पाठवलेल्या पाण्यात कोणता जंतू वाढला याचा) रिपोर्ट मागा. दुखणं कमी आणि नजर सुधारतेय, तर दुसरा डोस खरंच हवा का, हे विचारा. गरज पडलीच तर सेफ्टाझिडीम चालेल का तेही विचारा. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सोसतं, पण आईला पूर्वी नेमकं काय झालं होतं ते आधी सांगा.

आणखी एक. व्हॅन्कोमायसिनने क्वचित रेटिनाच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडतात, तेही काही दिवसांनी आणि न दुखता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) इशारा दिला तो मोतीबिंदूच्या वेळी निव्वळ खबरदारी म्हणून ते देण्याबद्दल. संसर्गावर ते अजूनही मुख्य औषध आहे. तरी दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी या इंजेक्शनांचा कागद दाखवाच.

धागाकर्ता
ताई, खूप आभार. आत्ताच परतलो. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू निघाला, व्हॅन्कोमायसिनला दाद देणारा. म्हणून अमिकॅसिन पुन्हा नको, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. ठणका गेलाय. आईने माझी बोटं मोजली, तीनच्या जागी चार.